आठला घरी, पावणेनऊला पानं

बोरिवलीची किंवा मुलुंडची गाडी पकडून आठच्या सुमाराला घरात शिरणाऱ्याला स्वयंपाक येत नसतो असं नाही. त्या वेळी हाताशी नसतो तो भिजवायचा, निवडायचा, सोलायचा आणि वाटायचा वेळ. मटकीची उसळ कढईत पडल्यापासून वीस मिनिटांत होते, पण त्याआधी मटकीला मोड यायला पुरता दिवस लागलेला असतो. म्हणून आठवड्याचा बेत करताना 'सोमवारी काय, मंगळवारी काय' ही यादी नंतरची. आधी कामं वाटून घ्या: रविवारी संपवायची कुठली, आदल्या रात्रीची कुठली आणि गॅससमोर उभं राहूनच करायची कुठली. आठनंतर कुकर, फोडणी आणि पोळ्या एवढंच उरलं पाहिजे. त्यातल्या पोळ्या विकत घेतल्या तरी काही बिघडत नाही, त्याचं पुढे येईलच.

खालची सगळी मापं चार माणसांची आणि आठवड्यातल्या पाच रात्रींची आहेत. वाटी म्हणजे रोजच्या आमटीची, साधारण १५० मिलिलिटरची.

बाजार: जे आधी मरतं ते आधी शिजतं

पाच रात्रींना भाजी लागते तीन किलोच्या आसपास. शिवाय कांदे दोन किलो (त्यातला अर्धा किलो वाटणात जातो), बटाटे आणि टोमॅटो एकेक किलो, लसूण पाव किलो, आलं १०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या १०० ग्रॅम, नारळ दोन, लिंबं सहा, कोथिंबिरीची एक मोठी जुडी.

पालेभाजी सोमवारी किंवा मंगळवारी संपवायची. भेंडी, गवार, फरसबी बुधवारपर्यंत. फ्लॉवर, कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण हे थांबायला तयार असतात, त्यांना गुरुवार-शुक्रवार द्या. बहुतेक घरांत उलटं होतं: रविवारी आणलेला कोबी सोमवारी चिरला जातो, कारण तो सोपा, आणि मेथी गुरुवारपर्यंत पिवळी पडते. मग 'भाजी वाया गेली' म्हणून नियोजनालाच दोष.

पालेभाजी आणल्याबरोबर धुऊ नका. निवडा, मुळं काढून टाका, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि डब्यात ठेवा. धुणं चिरायच्या आधी. ओल्या पानांचा दोन दिवसांत लगदा होतो, पावसाळ्यात तर एकाच दिवसात. कोथिंबिरीला हाच नियम. लेडीज डब्यात मटार सोलत, मेथी निवडत जाणाऱ्या बायकांनी हे शास्त्र केव्हाच साधलं आहे. दादरला उतरून घेतलेली जुडी घर येईपर्यंत निवडून पिशवीत.

चिरून ठेवायचं तर गवार, फरसबी, कोबी, गाजर, फ्लॉवरचे तुरे हे तीन दिवस नीट राहतात. वांगी आणि बटाटे चिरून ठेवू नका, काळे पडतात. पाण्यात ठेवलं तर रंग राहतो, चव जाते. भेंडी धुऊन, फडक्यानं एकेक पुसून, मगच चिरायची. ओली चिरली की बुळबुळीत झालीच. दुधी चिरताना एक चकती चाखून बघा. कडू लागला तर सरळ टाकून द्या, साखर-गूळ घालून खपवू नका. कडू दुधीनं उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

रविवारचे दोन तास

कामं ज्या क्रमानं करता त्यावर दोन तास लागतील की चार हे ठरतं. शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी दोन वाट्या छोले किंवा राजमा आठ-दहा तासांसाठी भिजत घाला. रविवारी सकाळी पहिलं काम म्हणजे ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कुकरला लावणं: छोल्यांना मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या, राजम्याला थोडं कमी. राजमा पूर्ण मऊ शिजलाच पाहिजे. अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यानं पोट चांगलंच बिघडतं. कुकर चालू असताना दुसऱ्या शेगडीवर दाणे भाजा, मग खोबरं, मग कांदा. भाजलेलं गार होईतो लसूण सोला आणि भाजी निवडा. हे दोन्ही बसून करायचं काम, त्याला घरातलं कुणीही चालतं. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर धुण्याचं सगळं काम त्या वेळेत आणि भाजणं-वाटणं नंतर.

मिक्सरचा क्रम पाळला तर भांडं मध्ये एकदाही घासावं लागत नाही. आधी कोरडं: दाण्याचं कूट. मग ओलं खोबरं, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, मग आलं-लसूण, सगळ्यात शेवटी हिरवी मिरची. उलटं केलंत तर दाण्याच्या कुटाला लसणाचा वास आणि कोशिंबीर खाणाऱ्यांची तोंडं वाकडी.

कूट पाव किलो दाण्यांचं पुरतं. मुंबईच्या दमट हवेत ते ओट्यावर ठेवलं तर पंधरवड्यात खवट होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. एका मोठ्या नारळाचा चव, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, दोन-अडीच वाट्या होतो. तो पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा. ढेकूळ करून ठेवलात तर रात्री साडेआठला बत्ता घेऊन बसावं लागेल. पातळ थराचा हवा तेवढा तुकडा हातानं मोडतो.

चिंचेचा कोळही याच वेळी: ५० ग्रॅम चिंच, वाटीभर गरम पाणी, अर्ध्या तासानं कुस्करून गाळायची, पाच मिनिटं उकळायची, काचेच्या बाटलीत. आठ-दहा दिवस राहतो.

वाटण, ज्यावर निम्मा आठवडा उभा असतो

चार मोठे कांदे (सुमारे अर्धा किलो) उभे पातळ चिरून, १०० ग्रॅम सुकं खोबरं किसून, पंधरा लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, एक चमचा धणे. खोबरं वेगळं भाजायचं, मंद आचेवर, तेल न घालता. पाच-सहा मिनिटांत बदामी होतं आणि तिथून पुढे अर्ध्या मिनिटात करपतं, म्हणून रंग आला की लगेच ताटात काढा. कढईतच ठेवलं तर गॅस बंद केल्यावरही भाजलं जातं आणि वाटण कडू होतं. मग त्याच कढईत दोन मोठे चमचे तेल घालून कांदा. याला पंधरा मिनिटं लागतात, दहात होत नाही. कांदा फक्त पारदर्शक झाला की माणसं घाईनं उतरवतात. तसल्या वाटणात पाणी राहतं, रश्श्याला गोडूस चव येते आणि डबा लवकर आंबतो. कडा तपकिरी होऊन कांदा निम्म्याहून कमी दिसला पाहिजे. शेवटच्या दोन मिनिटांत आलं, लसूण, धणे.

पूर्ण गार झाल्यावरच वाटायचं, आणि पाणी अर्धी वाटी, फार तर पाऊण. गरम वाटण झाकून ठेवलं की झाकणाला वाफ धरते, ती थेंब होऊन खाली पडते आणि वरचा थर आधी नासतो. दोन-तीन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवा, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. गोठल्यावर वड्या काढून पिशवीत टाका, पिशवीवर तारीख लिहा. एक वडी म्हणजे साधारण दोन टेबलस्पून. उसळीला तीन, अंड्याच्या रश्श्याला चार, साध्या आमटीला एक पुरते. महिनाभर चव टिकते. साठवणीच्या वाटणात ओलं खोबरं नको. ते फ्रीजमध्ये दुसऱ्याच दिवशी आंबायला लागतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण करायचं असेल तर थेट फ्रीझरमध्ये.

चातुर्मासात कांदा-लसूण बंद असलेल्या घरी यातलं काहीच चालणार नाही. तिथे एक वाटी ओलं खोबरं, दोन चमचे जिरं, चार मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर असं हिरवं वाटण गोठवा. बटाट्याच्या रश्श्याला आणि दुधीच्या भाजीला ते छान लागतं.

आलं-लसूण पेस्ट करताना लसूण दोन भाग, आलं एक भाग. १०० ग्रॅम लसणाला ५० ग्रॅम आलं, एक चमचा मीठ, दोन चमचे तेल, पाणी अजिबात नको. आठवड्याचं फ्रीजमध्ये, उरलेलं फ्रीझरमध्ये, ओट्यावर कधीच नाही. कधी कधी पेस्ट हिरवट-निळसर होते. तो लसणातल्या गंधकाच्या घटकांचा खेळ आहे, बुरशी नव्हे. वास ठीक असेल तर बिनधास्त वापरा.

मोडाचं वेळापत्रक

मोड आलेली कडधान्यं इथे सगळ्यात जास्त चुकतात, कारण मोजणी मागून करायला लागते. बुधवारी रात्री उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री एक वाटी मटकी भिजवा, मंगळवारी सकाळी उपसून, धुऊन फडक्यात बांधा, मंगळवारी रात्री मोड मिळतील. रात्रीच फ्रीजमध्ये टाका. एका वाटीची अडीच-तीन वाट्या होते. एप्रिल-मेच्या उकाड्यात आठ-दहा तासांत मोड येतात आणि त्यापुढे ठेवलं की बुळबुळीत होऊन वास मारतो. जानेवारीत थोडा जास्त वेळ द्या. फडकं ओलसर हवं, निथळतं नको. मोड येऊन कडधान्य कुजलं तर नव्वद टक्के दोष पाण्याचा असतो. फ्रीजमध्ये कोरडे ठेवलेले मोड तीन दिवस उत्तम राहतात.

कडव्या वालांचं गणित मोठं: भिजवायला दहा तास, मोडांना जवळपास एक दिवस, आणि मग सोलणं. मोड आल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं टाका, सालं बोटांच्या चिमटीत सुटतात. आठवड्याच्या मध्ये बिरड्याच्या वाटेला जाऊच नका. रविवारी अर्धा किलो एकदम सोला, दोन वेळचे भाग करून गोठवा.

उसळ अशी: दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, वाटणाच्या तीन वड्या गोठलेल्याच टाका, झाकण ठेवून दोन मिनिटं, दीड चमचा तिखट, एक चमचा गोडा मसाला, मटकी, दोन वाट्या गरम पाणी. झाकून बारा ते पंधरा मिनिटं. मीठ, तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ शेवटी. आंबट आधी पडलं तर दाणा कठीण राहतो. चिंच घातलेली डाळ, टोमॅटो घातलेले छोले, सगळीकडे तेच. कुकरमध्ये करायची तर एकच शिट्टी. दोन झाल्या की उसळीचं पिठलं.

डाळ, भात आणि कुकरचे थर

तूरडाळ एका वेळी दोन वाट्या शिजवा, पण सगळीला फोडणी घालू नका. आज निम्म्या डाळीचं साधं वरण. उरलेली घोटून, गार करून फ्रीजमध्ये. उद्या तिची चिंच-गुळाची आमटी किंवा डाळपालक. कालची आमटी पानात आली की घरातला सगळ्यात लहान मुलगाही ओळखतो, कालची डाळ मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

सकाळी निघताना डाळ भिजत घालायची असेल तर फ्रीजमध्ये. ओट्यावर बारा तास राहिली की रात्री तिला आंबूस वास असतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये तळाला दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात डाळ (तिप्पट पाणी, हळद, थेंबभर तेल, डबा निम्म्याहून जास्त भरायचा नाही, नाहीतर फेस शिट्टीत जातो), वरच्या डब्यात तांदूळ. नव्या कोलमला पावणेदोन ते दोनपट पाणी, जुन्याला सव्वादोन. चार शिट्ट्या, मग गॅस बंद. कुकरची वाफ जिरायला दहा मिनिटं लागतात, तीच तुमच्या भाजीच्या फोडणीची दहा मिनिटं. घरी आधी येणारं कुणी असेल तर डबे सकाळीच भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि गाडी घाटकोपर सोडताना फोन करा.

भात उरला तर ताटात पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भातात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष सकाळच्या फोडणीनंही जात नाही. नीट ठेवलेल्या भाताचा मात्र दुसऱ्या रात्री सात मिनिटांत फोडणीचा भात होतो. शिळा भात मोकळा असतो, ताज्याचा गिचका होतो.

पोळ्यांचा प्रश्न

अर्धा किलो पिठाच्या मध्यम सोळा ते अठरा पोळ्या होतात. कणीक आदल्या रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून, डबा गच्च भरेल अशा आकारात ठेवली तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिसऱ्या दिवशी ती काळपट आणि सैल पडते. काळेपणा हवेमुळे येतो, म्हणून डब्यात मोकळी जागा नको. लाटायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, गार कणकेच्या पोळ्या कडक होतात.

पण आठवड्यातून दोनदा कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा. वाटण, उसळ, आमटी घरची असली की जेवण घरचंच असतं. उसळीला, अंड्याच्या रश्श्याला बेकरीचा पावही चालतो.

मासे आणि वार

सोम, गुरू, शनि न खाणाऱ्या घरांत बेत आपोआप निम्मा ठरलेला असतो: बुधवार, शुक्रवार मासळी-अंडी, बाकी डाळी-भाज्या. रविवारी एक किलो सुरमई घेतलीत तर निम्मी त्याच दिवशी, निम्मी गोठवायची. तुकड्यांना मीठ, हळद, कोकम आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाका, एकावर एक न ठेवता पिशवीत सपाट लावा. बुधवारसाठी मंगळवारी रात्रीच फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात उतरवा. ओट्यावर वितळवलेल्या माशाचा बाहेरचा भाग खराब व्हायला लागतो तेव्हा आत अजून बर्फच असतो. कोळंबी सोलून, दोरा काढून, मीठ न लावता गोठवा. बोंबलाच्या नादी लागू नका. तो मुळात पाण्यानं भरलेला, वितळला की पोतेरं. बोंबील आणले त्या दिवशी तळायचे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांसाठी मे संपायच्या आत सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) आणि सुकट भरून ठेवा. मूठभर सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं, दोन बटाटे, वाटणाच्या चार वड्या: पंचवीस मिनिटांत रस्सा.

पाच रात्री, एक नमुना

सोमवारी मेथीची भाजी आणि वरण-भात. मंगळवारी उरलेल्या डाळीची आमटी, फरसबीची दाण्याचं कूट घालून भाजी, पोळ्या विकतच्या. बुधवारी मासे, नाहीतर मटकीची उसळ-पाव. गुरुवारी रविवारचे शिजवलेले छोले (ते तोवर फ्रीझरमध्येच हवेत, गुरुवारी सकाळी खाली उतरवा). शुक्रवार मुद्दाम मोकळा सोडा. कुणी ऑफिसात अडकतं, कुणी बाहेर जेवून येतं, गाड्या उशिरा धावतात. पाचही दिवस गच्च बांधलेला बेत पहिल्याच पावसाळी आठवड्यात कोसळतो आणि दोन भाज्या सडतात. शुक्रवारी उरलेल्या गाजर-फ्लॉवर-बटाट्यांची पावभाजी किंवा पुलाव.

आणि भिजवायचं विसरलंच तर? मसूर आणि मूगडाळ भिजवायला लागत नाहीत. एका बरणीत तांदूळ दोन भाग आणि कोरडी भाजून गार केलेली मूगडाळ एक भाग असं मिसळून ठेवा: दीड वाटी मिश्रण, साडेचार वाट्या पाणी, हळद, मीठ, दोन लवंगा, तीन शिट्ट्या, खिचडी तयार. मऊ हवी तर वाटीभर पाणी आणखी. पावसाळ्यात बरणीत तमालपत्र टाका आणि ती तीन आठवड्यांत संपवा, नाहीतर जाळी धरते.

त्याहून घाईचं काम पिठलं. एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्या. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. लसूण, मिरची, कांद्याच्या फोडणीत ते ओता, सात-आठ मिनिटं सतत ढवळा, मग झाकून तीन मिनिटं वाफ द्या. पिठाचा कच्चा वास गेला आणि कडेनं सुटायला लागलं की झालं.

शनिवारी रात्री, नवे छोले भिजवायच्या आधी, फ्रीझर उघडून जुन्या तारखेच्या पिशव्या पुढे ओढा आणि काय उरलंय ते बघूनच बाजाराची यादी लिहा. वाटणाच्या दहा-बारा वड्या शिल्लक असतील तर उद्या कांदा भाजायचा नाही.